शिलाईच्या पलीकडे

४ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही सगळे मजेत आहोत असं लिहायला हात धजत नाही. बिट्टीचे कोडाचे पांढरे डाग आता गालावरून हनुवटीपर्यंत उतरलेत. दुखत नाहीत, खुपत नाहीत, डॉक्टर म्हणतात कुणाला लागतही नाहीत. पण दुसरीतल्या पोरांना हे कोण सांगणार? खेळाच्या तासाला रिंगण करताना तिचा हात धरायला कुणी तयार नाही. निदान चिडवणं तरी थांबेल म्हणून मी बाईंना सांगून तिला त्यांच्या टेबलाशेजारी वेगळं बसवून घेतलं. तर आता रोज सकाळी हिचं पोट दुखतं आणि शाळेची वेळ टळली की थांबतं. आज बारावा दिवस.

ताई, तू आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांसाठी ससे-अस्वलं रंगवलीस. आता एक पुस्तक माझ्या लेकीसाठी कर. आपल्यासारखी दिसणारी मुलगी तिला एकदा तरी पुस्तकात भेटू दे.

माया आहे तशीच राहू दे, जमलं तर थोडी वाढव.

तुझी,
धाकटी


२० डिसेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

लहानपणी माझे रंग पळवायचीस, आता हुकूम सोडतेस! पण हा हुकूम मी मनापासून मानला. सोबत छापण्याआधीची कच्ची प्रत आहे. डागांच्या जागी मी रंग लावलाच नाही, कोरा कागद तसाच ठेवला. तो चेहरा मला स्वतःलाच फार आवडलाय. गोष्ट साधी आहे: एक मुलगी, तिचा वर्ग आणि त्यांची सहल. उपदेश कुणीही करत नाही. बिट्टीला दाखव आणि ती काय म्हणते ते जसंच्या तसं कळव. दहा जानेवारीला पुस्तक छापखान्यात जायचंय.

घरात सर्वांना माझी आठवण सांग, आणि तू जेवत जा.

ताई


२ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

जसंच्या तसं कळव म्हणालीस, म्हणून कळवते. बिट्टीने आधी आरशात गाल पाहिला, मग पुस्तकात पाहिला आणि हसली. किती दिवसांनी हसली म्हणून सांगू! मग पहिल्यापासून पुन्हा पानं उलटत तिने विचारलं की ही मुलगी दर वेळी शिलाईच्या पलीकडेच का असते. मला कळेना. तिने बोट ठेवून दाखवलं. डाव्या पानावर सगळा वर्ग, उजव्या पानावर ती एकटी, मधे पुस्तकाची शिलाई. बसमध्ये तसंच, बागेत तसंच, शेवटी सगळे हसतायत तिथेही तसंच. तिने पुस्तक मिटलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली की पुस्तकातसुद्धा हिला कुणी जवळ घेत नाही.

तुला बोल लावत नाहीये गं. पण कळवल्यावाचून राहवेना. राग मानू नकोस, लोभ तर मुळीच कमी करू नकोस.

धाकटी


५ जानेवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

सगळी पानं जमिनीवर मांडून एकेक पाहिलं. पोरीचं खरं आहे. आमच्या कामातला पहिला धडा असा की महत्त्वाचा चेहरा शिलाईजवळ आणायचा नाही, मधली घडी तो अर्धा गिळते. बिट्टीचा चेहरा गिळला जाऊ नये म्हणून मी तिला दर वेळी उचलून मोकळ्या पानावर नेऊन ठेवलं. जपायला गेले आणि एकटी पाडून बसले. तीस वर्षं हे काम करतेय आणि मला दिसलं नाही, याची लाज वाटते.

बाईंच्या टेबलाशेजारी तूही तेच केलंस, असं म्हटलं तर चिडशील. चीड, पण विचार कर.

सगळी मोठी चित्रं नव्याने काढतेय. आता ती सगळ्यांच्या मधे असेल, घडीत गेली तर गेली. छापखान्याचे मालक वैतागलेत, तारीख हुकणार. हुकू दे.

तुम्हा दोघींना पोटाशी धरून,
ताई


१९ मार्च

ती. मावशीस,
सा. न.

हे पत्र मी लिहितेय. आईने फक्त पाकिटावर पत्ता घातला.

आईने बाईंना सांगून माझी जागा बदलली. मी आता तिसऱ्या बाकावर मधे बसते. पहिल्या दिवशी डावीकडची मुलगी लांब सरकली, पण मग बाकावरून पडायला लागली म्हणून परत आली. रिंगणात ती माझा हात धरते. दुसऱ्या बाजूची अजून बाहीच धरते. पोट फक्त गणिताच्या दिवशी दुखतं.

आई म्हणते पत्रात लोभ असावा असं लिहायचं असतं. तू लोभ करतेसच, म्हणून मी लिहीत नाही.

नवं पुस्तक आलं. माझा एक कान घडीत गेलाय. आईला वाईट वाटलं, मला नाही. शेवटच्या चित्रात सगळी इतकी दाटीवाटीने बसलीत की मी मला पटकन सापडलेच नाही.

बिट्टी