माश्यांच्या खुराकातला द्राक्षरस

अँगस्टन, दक्षिण ऑस्ट्रेलिया
१० मार्च १९७१

चि. कोरालीस,
आईचा आशीर्वाद.

रिकाम्या बाटल्यांची पेटी शुक्रवारी पोहोचली. रेल्वेभाडं पासष्ट सेंट पडलं, पण फुटली एकही नाही. केळीही महागली आहेत, म्हणून ती तुझ्या फळमाश्यांपुरतीच आणते. तुझी लग्नपत्रिका पेटीत तळाशी सापडली. तिचं मागाहून लिहिते.

तुमच्या प्रयोगशाळेतली थंड खोली दुरुस्त होईपर्यंत या चिमुकल्या माश्या आपल्या तळघरात सुखात आहेत. जेवताना एखादी ताटावर घिरट्या घालू लागली की बाबा विचारतात, "ही आपली की विद्यापीठाची?"

मी पाठवलेल्या अळ्यांच्या अंगातलं दारू पचवणारं विकर, ते एन्झाइम, यंदा निम्म्यावर आलंय, असं तू लिहिलंस. कोषात ते उतरतं, पंख फुटल्यावर चढतं, तेवढं नेहमीसारखंच. पण अळ्यांचं काही केल्या जुळत नाही. तुझ्या मदतनीस मुलीला पुन्हा मोजायला बसवू नकोस. तिचं काही चुकलेलं नाही. खुराकात चमचाभर वाइन घाल, असं तू बजावलं होतंस. आपल्या घरात वाइन कुठली? मी प्रभुभोजनासाठी ठेवलेला द्राक्षरस घातला. तोही द्राक्षांचाच, म्हटलं, फक्त न आंबवलेला. दारूशी गाठच पडली नाही, तर अळ्या तरी ती पचवायची तयारी कशाला ठेवतील?

म्हणून शनिवारी मी वाइन बनवणाऱ्या तुझ्या एवाल्टकडे गेले. माश्या त्याच्याच पिंपांवरून धरलेल्या, तेव्हा वाइनही त्याचीच बरी. डोक्यावर चर्चची टोपी, हातात दुधाचा जग. द्राक्षांचा हंगाम, त्याचे हात कोपरापर्यंत जांभळे.

"माश्यांसाठी हवी आहे," मी म्हटलं.

"इथे सगळे असंच काहीतरी सांगून नेतात, बाई," तो म्हणाला. मला हसू आवरलं नाही.

पैसे घेईना. जग भरून दिला आणि खाली बघत म्हणाला, "लग्नासाठी एक पिंप न आंबवलेल्या रसाचं वेगळं काढलंय. कोरालीला बोलू नका. तुम्ही येणार नाही म्हणून ती रडते, आणि मी हे तिला सांगितलं तर आणखी रडेल."

मी जग उचलून निघाले. दारातच आपल्या चर्चच्या ट्रेवार्थाबाई भेटल्या. जगाचा वास घेऊन म्हणाल्या, "हिल्डा, या वयात?" रविवारी चर्चमध्ये सगळ्यांना जगाची बातमी होती, माश्यांची कुणालाच नव्हती.

दारू वाढतात त्या लग्नात मी पाऊल ठेवणार नाही, असं मी जानेवारीत बोलले. तू फक्त टेबल आवरलंस. तेव्हापासून रोज प्रार्थनेला बसते, आणि मन दुसरीकडेच असतं. दारू न पिण्याची शपथ मी सोळाव्या वर्षी घेतली, ती मोडणार नाही. पण कोरा, ती शपथ माझ्या ओठांची आहे, पायांची नाही.

बाबांनी सूट उन्हात टाकला आहे.

पुढच्या बाकावरची जागा तू आता एवाल्टच्या मावशीला दिली असशील, तर काढून घेऊ नकोस. मी मागे बसेन, तिथूनही तू दिसशील. यावं की नाही, एवढं मात्र उलट टपाली कळव.

तुझीच,
आई