पाळण्याचा बोल्ट

शनिवार, संध्याकाळ. चेरीताल.

बोल्ट काढला आणि सरळ माझ्या पर्समध्ये टाकला. आता बोला!

उद्या दादाच्या पोरीचं बारसं. बाबांनी बनवलेला लोखंडी पाळणा माळ्यावरून उतरवला, तर एका बाजूचा बोल्ट गंजून गेलेला. दादानं खमरियाहून येताना स्टेनलेसचा नवा, चकचकीत आणला, बारा एमएमचा. पण पाळण्याला वेल्डिंग केलेला नट जुना, अर्ध्या इंचाचा. दिसायला जवळपास सारखंच माप, आटे मात्र वेगळे. बोल्ट आधी ढिलाच फिरला, मग अडकला. दादा खूश. "फँस गया ना? बस, अब नहीं निकलेगा."

अडकला म्हणजे बसला का? मी रोज दुकानात बसून नट-बोल्टच विकते. एखाद्या आट्यावर लटकलेला बोल्ट झोके किती सहन करणार? आणि आत पोर!

मी म्हटलं, "दादा, इंची बोल्ट आमच्याकडे नाही, उद्या बाजार बंद. पाळणा राहू दे." तर आई म्हणते, "काहून एवढा हट्ट करून राहिली? पाहुणे काय म्हणतील?"

म्हणू देत. चकचकीत आहे म्हणून पोर टांगायची का त्याच्यावर?

नाव ठेवणारी आत्या मीच ना? मग पाळणा सजवा खुशाल, पण रिकामा. पोर माझ्या मांडीवर राहील, तिथंच तिच्या कानात कुर्र करीन.

आणि नव्या साडीवर ही जुनी पर्स शोभो न शोभो, उद्या दिवसभर खांद्यावरून उतरणार नाही.