जिन्यातला हार

गिरगाव, बुधवार

प्रिय जयवंत,

तुझं पत्र पोचलं. सिलेक्शन बोर्डात पास झालास हे अप्पांनी तीन बिऱ्हाडांत जाऊन स्वतः सांगितलं, आणि चौथ्या दारातून चष्मा विसरला म्हणून परत आले. एरवी दम्यामुळे दोन पायऱ्या चढवत नाहीत, पण मुलगा लष्करात साहेब होणार म्हटल्यावर माणसाला पाय फुटतात. खोबऱ्याच्या वड्या केल्यात, सोबत पाठवतेय. पुण्यात आधी आत्याला दे, नाहीतर खादाडा, एकटाच फस्त करशील.

तुला कधी बोलले नाही, पण मी अधूनमधून वरळी कोळीवाड्यात जाते, सुंदराबाईकडे. त्या संध्याकाळी तुझ्या दोस्ताच्या, कमलाकांतच्या मामाच्या मोटारीखाली जिचा पाय सापडला, ती. दारूबंदीच्या मुंबईत तुम्ही दोघांनी बाटली कुठून पैदा केलीत देव जाणे, आणि वर चाक तुझ्या हातात! बाई आता लंगडत का होईना, टोपली घेऊन बाजारात बसते. परवा तिनं विचारलं, भाऊ अजून पितो काय गो? मी म्हटलं, अडीच वर्षांत थेंब नाही. ती म्हणाली, मग बरा हाय. तुला झालेल्या पंधरा दिवसांच्या कैदेपेक्षा तिचं ते बोलणं मला जड वाटलं.

खरा दोष माझाच रे. तेव्हा दर घरचा एक मुलगा संयुक्त महाराष्ट्रासाठी तुरुंगात होता. दुर्गाकाकूंनी नळावर विचारलं, जयवंत दिसत नाही? मी एवढंच म्हणाले, पकडलाय त्याला. खोटं तेही नव्हतं. उरलेलं चाळीनं आपलं आपण भरलं आणि मी मान खाली घालून कळशी उचलली. तू सुटून आलास त्याच दिवशी खालच्या मजल्यावरचा बंडूही सुटला. बायकांनी जिन्यात दोघांना ओवाळलं, हार घातले. बंडूच्या पाठीवर लाठीचे वळ होते. त्याला ठाऊक होतं, तू तिथे सत्याग्रहींच्या कुठल्याच बराकीत नव्हतास. तरी त्यानं तुझ्या खांद्यावर हात टाकला आणि आजतागायत ब्र काढला नाही. अप्पांनी तो हार देवघरात ठेवला, सुकून काड्या झाल्या तरी काढू देत नाहीत. त्यांना अजून खरं माहीत नाही.

तू लिहिलंस, फॉर्मात शिक्षेच्या रकान्यात सत्याग्रह लिहिलाय, चौकशीला पोलीस आले तर ताई, तेच सांग. पत्र वाचून मी दिवसभर तुझ्यावर चिडले, मग स्वतःवर. चाक तू धरलंस, पण हे खोटं मीच तुझ्या हातात दिलं होतं.

काल फौजदार आले. अख्खी चाळ गॅलरीत लोटली. दुर्गाकाकू म्हणाल्या, आमचा जयवंत देशासाठी तुरुंगात गेलेला पोरगा, लिहा साहेब, लिहा! अप्पांनी त्यांना हारसुद्धा दाखवला. फौजदार लिहीत होते आणि बंडू कठड्याला टेकून माझ्याकडे बघत होता. रागानं नाही. नुसता बघत होता. उद्या तुझ्या शब्दावर शंभर शिपाई पुढे पाऊल टाकतील, आणि तुझा पहिलाच लिहिलेला शब्द बंडूच्या पाठीवरून उचललेला! मला ते सोसेना.

म्हणून मी फौजदारांच्या मागोमाग जिना उतरले आणि सगळं सांगून टाकलं. मोटार, दारू, सुंदराबाई, सगळं. त्यांनी लिहिलेलं खोडलं आणि म्हणाले, बाई, रिपोर्ट सोमवारी जाईल. हे पत्र तुला शुक्रवारी मिळेल. मध्ये शनिवार आहे, जयवंता. त्या दिवशी बोर्डाला स्वतःच्या हातानं खरं लिही, म्हणजे ते पोलिसांच्या आधी तुझ्याकडून कळेल. तरीही ते तुला घेतील की नाही, मला माहीत नाही. लहानपणी अप्पांची काठी खांद्यावर टाकून गॅलरीत कवायत करायचास, आणि तुझं तेच स्वप्न कदाचित मी मोडलं असेन. रागाव, हवं तेवढं रागाव. अप्पांना मी आज दिवेलागणीला सांगणार आहे. आणि बोर्डानं नाही म्हटलं, तर सरळ घरी ये. या वेळी जिन्यात हार नसेल, पण मी उभी असेन.

तुझीच,
सुमतीताई