झाकणाच्या आतल्या खुणा

ल लोक्ल, ९ मार्च १९७१

प्रिय न्यूमास आशीर्वाद.

इथे बर्फ अजून कुंपणाइतकं आहे. माझा खोकला बरा. तुझी बायको ग्रेटली आणि मुली ठीक असतील असं धरून चालते.

बाबांच्या घड्याळाबद्दल लिहितेय. वकिलाने ते तुझ्या नावावर असल्याचं वाचून दाखवलं, तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. घर सोडून गेलेल्या ज्या मुलाचं तोंड बाबांनी दहा वर्षं पाहिलं नाही त्याला घड्याळ, आणि पथ्यपाणी करणाऱ्या मुलीला कपबशा? मी विचारलं तर म्हणाला, "बाई, त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलंय." माझा विश्वास बसला नाही. तुझ्यावरही बसला नव्हता.

ते घड्याळ माझंही आहे रे. १९५३ साली बाबांनी जुळवलं, पण त्यातली केसासारखी स्प्रिंग मी बसवली. तबकडी आता सायीच्या रंगाची झालीय. त्याला चावी लागत नाही. हात हलला की आतलं वजन फिरतं आणि कानाशी धरलं की बारीक घरघर ऐकू येते. काढून ठेवलं तर दीड दिवसात थांबतं. माणूस हिंडताफिरता असेतो चालणारं घड्याळ, म्हणून माझा जीव त्याच्यावर.

द्यायचंच आहे तर तेल घालून द्यावं म्हणून काल उघडलं. झाकणाच्या आत दुरुस्ती करणाऱ्याच्या खुणा असतात, त्या पाहिल्या. प्रत्येक तारखेखाली माशाच्या गळासारखी वाकडी रेघ. तुझी खूण. मी तुला शिकाऊ असल्यापासून ओळखते.

मला वाटलं, अंत्यविधीच्या दिवशी दार लावून तू बाबांजवळ एकटा बसलास, तेव्हाच कोरलंस. भिंग लावून तासभर पाहिलं. जुने ओरखडे मळून काळपट झालेत. नुकतेच कोरलेले तसे दिसत नाहीत. पहिली तारीख मे १९६३, शेवटची गेल्या नोव्हेंबरातली. एकूण सात. चांगल्या घड्याळाला चार-पाच वर्षांतून एकदा तेलपाणी पुरतं, हे बाबांनीच आपल्याला शिकवलं.

तू राहतोस त्या बीलला बाबा डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातो म्हणायचे. आज बेकरीवाल्या ज़ेलीनला सहज विचारलं. हसली. "डोळ्यांच्या डॉक्टरला कोण गं दर वेळी केक नेतं? तुझ्याशिवाय सगळ्या गल्लीला ठाऊक होतं."

आता माझं ऐक. तू बाबांना लिहिलेली नऊ पत्रं माझ्याकडे आहेत, चादरींच्या कपाटात. मी ती त्यांना दिली नाहीत. तू परत आलास की बाबा तुझे होतील आणि मी नुसती चुलीपाशी उरेन, या भीतीने. ते रोज दुपारी विचारायचे, "आज टपाल काय गं?" मी म्हणायची, काही नाही.

तू भेटल्यावर त्यांना पत्रांचं सांगितलंच असशील, पहिल्याच खेपेला. म्हणजे मे १९६३ पासून त्यांना माहीत होतं. आणि त्यानंतरही ते मला रोज विचारत राहिले. एकदाही आवाज चढवला नाही. माझ्या हातची कॉफी पिऊन वाट पाहत राहिले, मी कधी खरं बोलते याची.

घड्याळ टपालाने पाठवणार नाही. स्वतः ये. ते माझ्याविषयी तुझ्यापाशी काय बोलायचे ते मला सांग, आणि मला बरं वाटावं म्हणून काही बदलू नकोस.

तुझी नऊ पत्रं दाबून ठेवणारी, पण एकही फोडायची हिंमत न झालेली,
ऑदेत