कपाटामागची फुंकर

४ ऑगस्ट
"दम्याच्या लेकराच्या आईनं आधी भिंतींशी भांडायला शिकावं," असं एक वयस्कर नर्स मला म्हणाली होती. माझी ठकू तेव्हा दोन वर्षांची होती, आता आठची आहे. मधल्या काळात भाड्याची पाच घरं भांडून सोडली. आज सहाव्यात आलो. कोरडं, उजेडाचं, गालिचा नाही, मांजर नाही. मी कोपरे हुंगत होते, तर खालच्या मजल्यावर राहणाऱ्या मालकीणबाई म्हणाल्या, घर घेताय की खरबूज? ठकू फिदीफिदी हसली. उशांना धूळ न शिरणाऱ्या खोळी चढवल्या, पडदे गरम पाण्यात धुतले. संध्याकाळी ठकूनं तिच्या फुंकणीत, म्हणजे श्वासाचा जोर मोजायच्या नळीत, जोरात फुंकर मारली. काटा दोनशे चाळीसवर. तिचा हक्काचा आकडा!

९ ऑगस्ट
सकाळी दोनशे दहा. पंपाचे दोन पफ वाढवले. ठकूच्या खोलीतलं कपाट भिंतीला ठोकलेलं आहे, त्यामागून कोंदट वास येतो. मालकीणबाई म्हणाल्या, अहो, इतकं जपायचं तर पोरीला बरणीतच ठेवा! मागच्या भाडेकरूंचा मुलगाही असाच किरकिरा होता म्हणे. तो आता कुठे असतो विचारलं, तर जिन्यातली कुंडी सरळ करत बसल्या. ठीक आहे. कपाट मीच काढीन.

१२ ऑगस्ट
उचकटलं. मागे बुरशी नाही. कोरडी भिंत, आणि ठकूच्या तोंडाच्या उंचीवर बोटभर चीर. पलीकडे आमचंच स्वयंपाकघर. तिकडून भिंत अखंड आहे. तरी चिरेतून हवा आत जात होती, बाहेर येत होती. संथ, झोपल्यासारखी.
ठकूची फुंकर आज दीडशे. का कोण जाणे, मी फुंकणी चिरेला लावली. काटा नव्वदवर गेला.
बेरीज तीनदा केली. दोनशे चाळीस.

१३ ऑगस्ट
चीर सिमेंटनं बुजवली, वर पत्रा ठोकला. भिंतीला बजावलं, गाठ माझ्याशी आहे. दुपारी पत्रा खाली, सिमेंटची भुकटी ठकूच्या गादीवर. ठकू एकशे दहा. भिंत एकशे तीस.

१४ ऑगस्ट
दवाखान्यात नेलं. वाफ, ऑक्सिजन, इंजेक्शन — डॉक्टर म्हणाले, छाती मोकळी आहे, मग आकडा का उतरतोय? तिचा श्वास भिंतीत राहिला आणि आम्ही घरापासून लांब आलो म्हणून, हे कोणत्या तोंडानं सांगू? सत्तर. पन्नास. डॉक्टर ओरडत होते, तरी उचलून परत आणलं. उंबऱ्यात पाऊल टाकताच ऐंशी —

१४, संध्याकाळ
मालकीणबाई आल्या. म्हणाल्या, आता हट्ट सोडा, त्या मुलाच्या वेळीही — दार लावून घेतलं. हट्ट सोडायला मी तुमच्यासारखी नाही, असं ओरडले.
घण घातला. टवकासुद्धा उडत नाही.
ठकूचे ओठ निळे. चाळीस. भिंत दोनशे.
बरं. वही गुडघ्यावर, तोंड चिरेला. ऐक. माझा श्वास मोठा आहे, चारशेचा, सगळा घे. तिचा तेवढा परत दे. नाही म्हणशील, ठाऊक आहे. मागच्या आईचंही ऐकलं नसशील. तरी मागतेय. मान खाली घालून नाही, तुझ्या तोंडावर — तिचा पर—