यादीतली चाळीस घरं

गावाकडून (व्हाया किकवी, ता. भोर)
रविवार

चि. प्रेरणा, एम.एस्सी. (होऊ घातलेल्या) यांसी,

मामाचे आशीर्वाद, आणि तुझ्या संख्याशास्त्र विभागाला लांबूनच नमस्कार. तब्येत ठीक असेलच. नसेल तर मेसच्या आमटीत डाळ किती आणि पाणी किती, याचा एकदा तूच अभ्यास कर. इकडे सगळे खुशाल आहेत. तुझे फॉर्म हातात घेतल्यापासून मी मात्र त्या सदरात मोडतो की नाही, हे ठरवायला आणखी माहिती गोळा करावी लागेल.

तुझं पाकीट मिळालं होतं. त्यात तुझ्या प्रकल्पाचे फॉर्म, संगणकाने काढलेली चाळीस घरक्रमांकांची यादी आणि चार सूचना. यादीतल्याच घरी जायचं. घर बंद असेल तर ‘बंद’ लिहायचं, शेजाऱ्याला धरायचं नाही. उत्तर सुचवायचं नाही. आणि माहिती गोळा करणाऱ्याने स्वतःच्या घरचा फॉर्म स्वतः भरायचा नाही. मुख्य प्रश्न एकच, की आठवड्यात गाडीची वाट पाहण्यात तुमची किती मिनिटं जातात. वीस तारखेच्या आत फॉर्म विद्यापीठात सरांपुढे ठेवले नाहीत, किंवा चाळिसांतलं एक घर जरी इकडचं तिकडे झालं, तरी वर्षाची मेहनत वाया, असं तू फोनवर बजावलंस. मी म्हटलं, निर्धास्त राहा, मी जनगणनेचं काम केलेला मास्तर आहे. (जनगणनेत सगळ्यांना विचारतात. काहींनाच विचारणं किती धोक्याचं असतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.)

चाळीस घरं तीनशे बारा घरांच्या वतीने बोलतात, हे तुझं शास्त्र मी गावाला समजावून सांगितलं. गावाला त्यात नवीन काही वाटलं नाही. आपल्याकडे ते काम माजी सरपंच धनाजीराव एकटेच करतात.

पहिला घोटाळा झाला साळूबाईच्या दारात. तिचं घर यादीत, आणि भिंतीला भिंत लागून असलेल्या तिच्या जावेचं, सखूबाईचं, नाही. साळूबाईने मला ओसरीवर बसवून चहा दिला आणि ‘चाळीस मिनिटं’ हे उत्तर इतक्या मोठ्याने दिलं, की ते माझ्यासाठी नसून भिंतीपलीकडे आहे, हे कळायला मला वेळ लागला नाही. बाहेर पडतो तर सखूबाई वाट अडवून उभी. मी म्हटलं, वहिनी, यात मानपानाचं काही नाही, नंबर संगणकाने काढलेत.

“काढलं आसतील. पर काढताना गावातलं कोन हजर हुतं?”

याला उत्तर तुझ्या पुस्तकात आहे का? (पंचायतीचं आरक्षण ठरतं तेव्हा चिठ्ठ्या सगळ्यांसमोर काढतात, मग ह्या का नाही, असं तिचं म्हणणं.) संध्याकाळी देवळासमोर सभा भरली. सोडत नव्याने काढावी, असा ठराव धनाजीरावांनी मांडून स्वतःच मंजूर केला. कळशीत तीनशे बारा चिठ्ठ्या पडल्या. काढायला सगुणाबाईंना बसवलं, कारण त्या गावात सगळ्यांशी सारख्याच भांडतात. इतकं निःपक्षपाती दुसरं कोणी मिळेना. चाळीस घरं निघाली. सखूबाई याही यादीत नाही, आणि साळूबाई याही यादीत आहे. (असं होण्याची शक्यता किती, ते तू काढ. सखूबाईच्या मते ती मुळीच नाही, म्हणून लबाडी झालेली आहे.)

मग जुन्या यादीतले म्हणाले, आमचं नाव आधी निघालं होतं. नव्या यादीतले म्हणाले, आमचं देवासमोर निघालंय. दोन्हींत नसलेले म्हणत बसले नाहीत. ते सरळ आपल्याकडे, मामीच्या ओसरीवर येऊन बसले. मामीचं दीड किलो पोह्यांनी भागेना, तेव्हा मी किकवीला जाऊन पावणेतीनशे झेरॉक्स काढून आणल्या आणि घरटी एकेक फॉर्म वाटला. अशा रीतीने काहींनाच विचारण्याची तुमची पद्धत गावाने एकमताने रद्द केलेली आहे.

उत्तरांबद्दल काय सांगू? साळूबाई चाळीस म्हणाली म्हणून सखूबाई पन्नास. जास्त मिनिटं लिहिली की जादा गाडी सुटते, असं कुणीतरी उठवलं, तेव्हापासून धनाजीराव स्वतःची जीप असताना रोज दीड तास फाट्यावर उभे असतात, निदान कागदावर. घर क्रमांक १३१ हा गेनूचा गोठा निघाला. म्हशींनी माहिती दिली नाही, पण गेनू तिथेच राहतो. तो म्हणाला, शून्य. मी विचारलं, म्हणजे तुला कुठे जायचंच नसतं का?

“जायाचं आसतंय की. पर वाट बगायची म्या सोडली. मग शून्यच न्हाई का?”

मी शून्य लिहिलं. पुढच्याच घरात हनुमंतानेही शून्य सांगितलं, कारण त्याच्या दारात नवी मोटरसायकल आहे. कागदावर दोन्ही शून्यं जुळ्या भावांसारखी दिसतात. तुमच्या शास्त्रात त्यांना वेगवेगळी नावं असतील तर कळव. नसतील तर ठेवा.

फॉर्मचं पोतं बांधून तयार आहे. अभ्यास कर, जेवत जा.

तुझा,
दीनानाथमामा

ता. क. घाबरू नकोस. संगणकाच्या यादीतल्या घरांचे फॉर्म मी पहिल्या दिवसापासून वेगळे, लाल दोऱ्याने बांधून ठेवलेत. एकही घर बदललेलं नाही. बाकीच्या पोत्यावर तू नुसती एक नजर टाक, म्हणजे ‘पोरीनं माझा फारम बगितला का’ असं सखूबाईने विचारलं, की मला खोटं बोलावं लागणार नाही.

आणखी ता. क. लाल दोऱ्यात एकोणचाळीसच आहेत. चाळिसावं घर २१३, म्हणजे आपलं. स्वतःच्या घरचा फॉर्म भरायचा नाही, ही चौथी सूचना तुझीच, तेव्हा माझा इलाज नाही. दिवाळीपासून तू इकडे फिरकलेली नाहीस. मामी मला दर शनिवारी तुझ्या नेहमीच्या साडेपाचच्या गाडीला फाट्यावर पाठवते. (कोथिंबीर आणायला, असं ती म्हणते. फाट्यावर कोथिंबीर मिळत नाही.) वीस तारखेच्या आत ये आणि फॉर्म भरून घे. मी शून्यच सांगणार आहे. ते हनुमंताचं की गेनूचं, हे तू समोर बसून ठरव.