मेलेली मुसळी आणि तीन वाट्या भाजी

तळोदा, रविवार, ९ ऑगस्ट

ती. हेमकांतमामांस,

१. गेल्या वर्षी १४ जूनला तुम्ही दिलेली सफेद मुसळीची पाच मुळे मी कुंडीत लावली. पाचही उगवली.
२. ऑक्टोबरमध्ये पाने पिवळी पडली. मी पाणी वाढवले. पाने नाहीशी झाली.
३. २६ ऑक्टोबरला मी कुंडी रिकामी केली.
४. तेव्हापासून गेल्या रविवारपर्यंत, तुम्ही फोनवर विचारलेत की मी "ठीक आहे" असे सांगत आले.
५. मुसळी खरोखरच ठीक आहे. फक्त ती माझ्याकडे नाही.
६. तिचा काही भाग मी खाल्ला आहे.

आता नमस्कार. तुम्ही आणि मामी बरे असाल. मामींनी गुडघ्याचे तेल बदलले का? खांडबाऱ्याला पाऊस कसा आहे? इथे ठीक आहे (हे "ठीक आहे" खरे आहे). हे सगळे फोनवर सांगता आले असते, पण फोनवर माझ्या तोंडून पुन्हा तेच दोन शब्द निघाले असते. सवय लागली आहे.

दोष थोडा तुमचाही आहे, तो आधी नोंदवते. तीस वर्षे जंगलखात्यात काढलेल्या माणसाने मुळे देताना सावली सांगितली, निचरा सांगितला, ऊन किती तेही सांगितले, पण पावसाळा संपला की हे झाड जमिनीवर काहीच न ठेवता आत झोपी जाते, हे सांगितले नाही. तुम्हाला ते सांगण्याजोगे वाटले नसेल. मी पाण्याच्या टाक्यांची गळती तपासणारी बाई. टाकीत काही दिसत नसेल तर टाकी रिकामी आहे, अशी माझी समजूत. (माती उकरून बघायला हवी होती. दोन मिनिटांचे काम होते. केले नाही.)

आता कुंडी कुठे रिकामी झाली ते. शेजारच्या रंजनाबाई तुम्हाला आठवत असतील, मागच्या खेपेला तुमच्या चहात त्यांनी न विचारता दुसऱ्यांदा साखर घातली होती. त्यांनी त्या आठवड्यात गावाकडच्या भुईमुगाच्या शेंगा टोपलीभर पाठवल्या. टोपली परत द्यायची होती. रिकामी देता येत नाही, हे आईने मला पाढ्यांच्या आधी शिकवले आहे. घरात देण्याजोगे काय होते? अर्धा किलो साखर, एक मोबाइलचा चार्जर आणि ती कुंडी. कुंडीतली माती चांगली होती. वाळू, शेणखत, लाल माती, सगळे मोजून घातलेले. मी ती टोपलीत ओतली आणि "तुमच्या तुळशीला घाला" म्हणून नेऊन दिली. मनातून मला माहीत होते की मी शेंगांच्या बदल्यात एक मयत दिली आहे. पण टोपली भरलेली होती. रीत पाळली गेली.

जूनच्या शेवटी रंजनाबाईंच्या न्हाणीमागच्या कोपऱ्यात लांबट हिरवी पाने आली. मी पाहिली. गवत वाटले. ९ जुलैला त्यांनी वाटीभर भाजी दिली, लसूण आणि डाळ घालून, भाकरीबरोबर. मी खाल्ली, दुसऱ्यांदा मागितली आणि, मामा, ती कशी करतात हे विचारून वहीत लिहून घेतले. वहीच्या त्या पानाच्या मागेच तुमच्या मुसळीचा जून ते ऑक्टोबरचा तक्ता आहे, पानांची लांबी सेंटिमीटरमध्ये. तरीही मला काही सुचले नाही. जुलैअखेरपर्यंत मी तीन वाट्या संपवल्या.

२ ऑगस्टला फुले आली. पांढरी, सहा पाकळ्यांची, एका दांडीवर खालून वर उमलत जाणारी. तुम्ही तोरणमाळच्या वाटेवर दाखवली होती तशीच. मी मोजल्या, दांड्या अकरा आहेत. पाचाच्या अकरा झाल्या, आणि त्याही कोणी पानांची लांबी मोजत नसताना.

मी रोज सकाळी कुंपणापाशी उभी राहून चहा पिते. मला ती परत नको आहे. तिथे ती माझ्यापेक्षा बरी आहे. एकच अडचण आहे. मंगळवारी रंजनाबाई म्हणाल्या, "हाई पिवळं पडनं का मी आठे मेथी टाकसू." पाने पिवळी पडताच त्या कोपऱ्यात मेथी, या विचाराने मी तेव्हापासून नीट जेवलेले नाही.

बाकी मजेत. मामींना नमस्कार.

तुमची भाची,
चेतना

ता. क. खरे काम हे. मेथीसाठी रंजनाबाई कोपरा खणतील आणि अकराही मुळे उकिरड्यावर जातील. मला सांगता येत नाही, कारण "मला कसे माहीत" याच्या उत्तरात ती टोपली येते. तुम्ही या. पहिल्यांदाच पाहिल्यासारखे कुंपणापाशी थांबा आणि जंगलखात्याच्या आवाजात म्हणा, "ही मुसळी आहे, हिला खणू नका."

दुसरा ता. क. पाकीट चिकटवत होते तेवढ्यात रंजनाबाई चौथी वाटी घेऊन आल्या. वाटी पाहून मला राहवले नाही, मेथीचे विचारून टाकले. त्या हसल्या. "अय पोरी, मेथीनी मुळी कितलीक खोल जास? गाठी खाले झोपेल ऱ्हातीस. मन्हा माहेरले आसंच करतस." मी विचारले, गाठी आहेत हे कधी कळले? "टोपली वती तव्हयच, मातीमा. मी म्हनं, पोर शेंगास्ना बदलामा मुसळीन्या गाठी दी ऱ्हायनी आनि बोलत बी नही. कितली मोठ्या मननी शे!" नऊ महिने त्या हे, म्हणजे माझ्या मोठ्या मनाचे, सगळ्या गल्लीत सांगत आहेत.

मी ते खोडले नाही. तुम्हीही खोडू नका.

तेव्हा जंगलखात्याचा आवाज नको, नुसते या. फुले अजून आठ-दहा दिवस टिकतील, आणि किती जणांची भाजी करायची हे रंजनाबाईंना आधी सांगावे लागेल. मामींसह येणार की एकटे, ते शुक्रवार, १४ ऑगस्टपर्यंत कळवा.